लिनक्स डेस्कटॉपवर प्रोग्रॅम आणि विंडो हव्या तशा उघडण्यासाठी

ब्राउझर दुसऱ्या मॉनिटरवर हवा असतो आणि तो पहिल्यावरच उघडतो. टर्मिनल दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात येतो. मजकूर टाइप करताना मध्येच एखादी विंडो पुढे येते आणि चार अक्षरे तिच्यात जाऊन पडतात. लिनक्सवर यातले जवळजवळ सगळे बदलता येते. पण बदल करायची जागा एकच नाही, आणि नवशिक्यांचा बहुतेक वेळ चुकीच्या जागी सेटिंग शोधण्यात जातो.

विंडो कशी उघडेल हे तिघे मिळून ठरवतात. प्रोग्रॅम स्वतः आपला आकार सुचवतो, आणि पुष्कळ प्रोग्रॅम मागच्या वेळचा आकार लक्षातही ठेवतात. ती विंडो कुठे, कोणत्या वर्कस्पेसवर (आभासी डेस्कटॉपवर), पुढे की मागे उघडायची हे विंडो मॅनेजर ठरवतो. प्रत्येक डेस्कटॉपचा तो वेगळा असतो: केडीईमध्ये क्विन, ग्नोममध्ये मटर, एक्सएफसीईमध्ये एक्सएफडब्ल्यूएम४. लॉगिन केल्यावर आपोआप काय सुरू व्हायचे ते सेशन, म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचे तुमचे सत्र, पाहते. त्यामुळे काहीही बदलण्याआधी एवढेच विचारायचे, की ही गोष्ट यातला कोण ठरवतो आहे? जागा, आकार आणि फोकस (टाइप केलेले कोणत्या विंडोत जाते) यांसाठी विंडो मॅनेजरकडे जायचे. प्रोग्रॅम कोणत्या पर्यायांसह सुरू होतो याचे उत्तर त्याच्या लाँचर फाइलमध्ये असते.

या लेखात आज्ञा, फाइलींची नावे आणि अंक नागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना ते रोमन लिपीत लिहावेत.

## आधी पाहा: एक्स११ की वेलँड

टर्मिनल उघडून "एको $एक्सडीजी_सेशन_टाइप" ही आज्ञा द्यावी. डॉलरच्या चिन्हानंतरचे नाव पूर्ण कॅपिटल अक्षरांत हवे, आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर. उत्तर "एक्स११" किंवा "वेलँड" असे एका शब्दात मिळते. विंडो पडद्यावर दाखवणाऱ्या या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. पुढचे निम्मे उपाय या एका शब्दावर अवलंबून आहेत, म्हणून ही पायरी गाळू नये.

एक्स११ ही १९८७ सालची रचना. तिच्यात कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्याची विंडो हलवू शकतो, तिचे शीर्षक वाचू शकतो, स्वतःची जागा मागू शकतो. वेलँडचे काम २००८ मध्ये सुरू झाले, आणि त्यात ही मोकळीक जाणूनबुजून काढून टाकली. तिथे सामान्य प्रोग्रॅमला आपली विंडो स्क्रीनवर नेमकी कुठे आहे हेच कळत नाही, मग जागा मागणे दूरच. तो आकार लक्षात ठेवू शकतो, जागा नाही. "विंडो मागच्याच आकारात उघडते, पण भलत्या ठिकाणी" या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते.

फेडोराने २०१६ च्या २५ व्या आवृत्तीपासून ग्नोमसाठी वेलँड हेच मूळ सेशन केले, उबुंटूने २१.०४ पासून, आणि केडीई प्लाझ्माने २०२४ च्या ६ व्या आवृत्तीपासून. म्हणजे आज नवीन इन्स्टॉल केलेल्या यंत्रावर बहुधा वेलँडच असणार. इंटरनेटवरचे जुने सल्ले मात्र एक्स११ च्या काळातले आहेत. विंडो हलवणाऱ्या आज्ञा वेलँडवर काहीच करत नाहीत, आणि बऱ्याचदा चूक झाल्याचा संदेशही देत नाहीत. आपले काही चुकले असे वाटून माणूस तासभर झगडत राहतो, प्रत्यक्षात ती आज्ञा त्या सेशनसाठी नसतेच.

## विंडोची ओळख पटवणे

"हा नियम त्या विंडोला लाव" असे सांगायचे तर विंडो ओळखण्याची खूण हवी. खुणा दोन: क्लास आणि शीर्षक. शीर्षक सतत बदलते. ब्राउझरमध्ये पान बदलले की बदलते, एडिटरमध्ये फाइल बदलली की बदलते. म्हणून नियम क्लासवर बेतावा, आणि एकाच प्रोग्रॅमच्या दोन विंडो वेगळ्या करायच्या असतील तेव्हाच शीर्षकाकडे वळावे.

एक्स११ वर टर्मिनलमध्ये "एक्सप्रॉप डब्ल्यूएम_क्लास" अशी आज्ञा द्यावी, दुसरा शब्द कॅपिटल अक्षरांत. माऊसचा बाण अधिक चिन्हासारखा होतो, मग हव्या त्या विंडोवर क्लिक करावे. अवतरणांत दोन नावे येतात. पहिले इन्स्टन्सचे, दुसरे क्लासचे. ग्नोममध्ये ऑल्ट आणि एफ२ दाबून "एलजी" टाइप करावे आणि एंटर द्यावा. उघडलेल्या लुकिंग ग्लासमध्ये विंडोज या टॅबवर प्रत्येक विंडोचा क्लास दिसतो. बाहेर पडायला एस्केप. केडीईमध्ये वेगळे काही करावे लागत नाही, नियम बनवण्याच्या खिडकीतच ओळख शोधण्याचे बटण आहे.

वेलँडवर क्लासची जागा अ‍ॅप-आयडी घेतो आणि तो बऱ्याचदा वेगळा असतो. केडीईचा कन्सोल हा टर्मिनल एक्स११ वर नुसता "कन्सोल" म्हणून ओळखला जातो, वेलँडवर "ऑर्ग.केडीई.कन्सोल" म्हणून. सेशन बदलल्यावर जुने नियम अचानक लागू होईनासे होतात ते यामुळे.

## केडीई: सगळ्यात पूर्ण सोय

विंडोंवर बारीक ताबा हवा असेल आणि डेस्कटॉप निवडण्याची मोकळीक असेल, तर केडीई घ्यावा. इथे नियम विंडो मॅनेजर स्वतःच पाळतो, त्यामुळे ते वेलँडवरही चालतात.

हवा तो प्रोग्रॅम उघडून त्याच्या टायटल बारवर राइट क्लिक करावे, मग मोअर अ‍ॅक्शन्स आणि त्यात कॉन्फिगर स्पेशल अ‍ॅप्लिकेशन सेटिंग्ज. टायटल बार नसेल तर ऑल्ट आणि एफ३ ने तोच मेनू येतो. शेजारचा स्पेशल विंडो सेटिंग्ज हा पर्याय फक्त त्या एका प्रकारच्या विंडोसाठी आहे. सुरुवातीला अ‍ॅप्लिकेशनचाच घ्यावा. सगळे नियम एकत्र पाहायचे तर सिस्टम सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजमेंटखाली विंडो रूल्स आहे.

उघडलेल्या नियमात वरच्या भागात ओळख भरलेली असते. तिथे दोन गोष्टी तपासाव्यात. क्लासपुढे एक्झॅक्ट मॅच ऐवजी सबस्ट्रिंग मॅच ठेवले तर नावातल्या किरकोळ फरकाने नियम मोडत नाही. विंडो टाइपमध्ये फक्त नॉर्मल विंडो निवडावी. हे विसरले तर सेव्ह अ‍ॅझ, प्रिंट अशा छोट्या खिडक्यांनाही तोच नियम लागतो आणि त्या मोठ्या विंडोच्या मापाने ताणून उघडतात. केडीईच्या नियमांबद्दलच्या बऱ्याच तक्रारी या एका चुकीतून येतात.

मग खाली अ‍ॅड प्रॉपर्टी दाबून काय ठरवायचे ते निवडावे. समजा १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर टर्मिनल नेहमी उजव्या अर्ध्या भागात हवा, आणि खालचे पॅनेल ४० पिक्सेल उंच आहे. पोझिशनमध्ये ९६० आणि ० भरावे, साइझमध्ये ९६० आणि १०४०. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा पट धरला जातो. उजवीकडच्या दुसऱ्या मॉनिटरची सुरुवात म्हणून आडव्या १९२० पासून होते. वेलँडवर स्केलिंग लावले असेल तर आकडे स्केल केलेल्या मापातले असतात. ३८४० पिक्सेल रुंद स्क्रीन २०० टक्क्यांवर असेल तर रुंदी १९२० च धरावी.

प्रत्येक गुणधर्मापुढे एक धोरण निवडावे लागते, आणि खरी समज इथे लागते. अप्लाय इनिशियली म्हणजे उघडताना एकदा लावायचे, नंतर विंडो मोकळी. रिमेंबर म्हणजे बंद करताना जिथे होती तिथेच पुढच्या वेळी उघडायची. फोर्स म्हणजे कायम, हाताने हलवली तरी हलणार नाही. नवशिके "नक्की लागू व्हावे" म्हणून फोर्स निवडतात आणि मग विंडो चिकटून बसल्याची तक्रार करतात. जागा आणि आकारासाठी अप्लाय इनिशियली किंवा रिमेंबर पुरते. फोर्स राखून ठेवावे ते कीप अबव्ह, स्किप टास्कबार अशा हो-नाही स्वरूपाच्या गुणधर्मांसाठी.

एक्स११ वर काही प्रोग्रॅम स्वतःची जागा हट्टाने मागतात. त्यांच्यासाठी इग्नोअर रिक्वेस्टेड जिऑमेट्री जोडून होय करावे. टर्मिनल अक्षरांच्या मापाने वाढत असल्यामुळे कडेला पट्टी उरते, तेव्हा ओबे जिऑमेट्री रिस्ट्रिक्शन्स फोर्सवर ठेवून नाही करावे. एकाच विंडोला दोन नियम लागू होत असतील आणि दोन्हींत तोच गुणधर्म असेल, तर यादीत वरचा नियम जिंकतो. म्हणून नेमके नियम वर आणि ढोबळ नियम खाली ठेवावेत.

## ग्नोम

ग्नोममध्ये अशा नियमांची खिडकीच नाही. जे आहे ते थोडे, पण उपयोगाचे. डीकॉन्फ एडिटर हा लपलेल्या सेटिंग्ज दाखवणारा प्रोग्रॅम इन्स्टॉल करून ऑर्ग, ग्नोम, मटर या वाटेने गेल्यावर सेंटर-न्यू-विंडोज आणि ऑटो-मॅक्झिमाइज अशा दोन किल्ल्या (सेटिंग्जची नावे) दिसतात. पहिली चालू केली की नवी विंडो मध्यभागी उघडते. दुसरी जास्त लोकांना छळते. उघडणारी विंडो कामाच्या जागेच्या ८० टक्क्यांहून मोठी असेल तर मटर तिला आपोआप पूर्ण स्क्रीनभर करतो. छोट्या लॅपटॉपवर "प्रत्येक गोष्ट मोठीच उघडते" याचे कारण हेच. ऑटो-मॅक्झिमाइज बंद केली की ते थांबते.

ठराविक प्रोग्रॅम ठराविक वर्कस्पेसवर उघडायला ऑटो मूव्ह विंडोज हे एक्स्टेन्शन आहे. ते ग्नोम प्रकल्पाच्याच संचातले असल्यामुळे नव्या आवृत्त्यांबरोबर सहसा टिकते. त्याच्या सेटिंगमध्ये प्रोग्रॅम आणि वर्कस्पेसचा क्रमांक द्यायचा. त्याआधी सेटिंग्जमध्ये मल्टिटास्किंग उघडून वर्कस्पेसची संख्या निश्चित करावी. नाहीतर ग्नोम रिकामे वर्कस्पेस काढून टाकतो, आणि तिसऱ्यावर पाठवलेला प्रोग्रॅम भलत्याच क्रमांकावर दिसतो.

याहून जास्त हवे असेल तर ग्नोमला वाकवत बसू नये. एक्स्टेन्शनांचे मनोरे आवृत्ती बदलली की कोसळतात.

## एक्सएफसीई आणि एक्स११ वरचे इतर

एक्सएफसीईमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्स उघडून प्लेसमेंट टॅबवर जावे. तिथे नव्या विंडो मध्यभागी की माऊसच्या बाणाखाली हे ठरते, आणि किती मोठ्या विंडोसाठी मोकळी जागा शोधायची ते वरच्या सरकपट्टीने. प्रोग्रॅमनिहाय नियम मात्र नाहीत. त्यासाठी डेव्हिलस्पाय२ हा छोटा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत चालवतात. होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिगमध्ये डेव्हिलस्पाय२ नावाचे फोल्डर करून त्यात लुआ भाषेतली फाइल ठेवायची. प्रोग्रॅमचे नाव तपासायला गेट_अ‍ॅप्लिकेशन_नेम, जागा आणि आकाराला सेट_विंडो_जिऑमेट्री, वर्कस्पेसला सेट_विंडो_वर्कस्पेस अशी कामाप्रमाणे नावे आहेत. नियम लिहिण्याआधी फाइलमध्ये फक्त डीबग_प्रिंटने नाव छापणारी ओळ लिहावी आणि प्रोग्रॅम "--डीबग" पर्यायासह चालवावा. मग प्रत्येक उघडणाऱ्या विंडोचे नेमके नाव टर्मिनलमध्ये दिसते. अंदाजाने नाव लिहिण्यापेक्षा हे फार बरे.

एखाद्याच विंडोचे काम असेल तर डब्ल्यूएमसीटीआरएल ही आज्ञा पुरते. "-एल" ने यादी मिळते, "-एलएक्स" ने यादीत क्लासही येतो. हलवण्यासाठी "-आर" पुढे शीर्षकाचा भाग आणि "-ई" पुढे पाच आकडे: ०,१००,५०,१२००,८००. पहिला शून्य तसाच ठेवावा. मग आडवी जागा, उभी जागा, रुंदी, उंची. जो आकडा बदलायचा नाही तिथे उणे एक लिहावे. विंडो मॅक्झिमाइज केलेली असेल तर हे आकडे लागू होत नाहीत, तिला आधी मूळ आकारात आणावे लागते. वर्कस्पेसची मोजणी इथे शून्यापासून आहे, हेही ध्यानात ठेवावे.

## लाँचर फाइल

मेनूतला प्रत्येक प्रोग्रॅम ही एक साधी मजकुराची फाइल असते. तिचे नाव "डॉट डेस्कटॉप" ने संपते. सगळ्यांसाठीच्या फाइली "/यूएसआर/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स" मध्ये, तुमच्या स्वतःच्या होममधल्या "डॉट लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स" मध्ये. फ्लॅटपॅक या पॅकेज पद्धतीने बसवलेल्या प्रोग्रॅमच्या "/व्हार/लिब/फ्लॅटपॅक/एक्स्पोर्ट्स" खाली सापडतात.

मूळ फाइलला हात लावू नये, अपडेट आला की बदल पुसला जातो. तीच फाइल त्याच नावाने आपल्या फोल्डरमध्ये कॉपी करावी. नाव जुळले की तुमची प्रत वरचढ ठरते. मग एडिटरमध्ये उघडून "एक्झेक=" ने सुरू होणारी ओळ शोधावी. प्रोग्रॅम कोणत्या आज्ञेने सुरू होतो ते तिथे असते, आणि पर्याय तिथेच जोडायचे.

या ओळीत चुका ठरलेल्या होतात. शेवटी "%यू" किंवा "%एफ" असते, ते पुसले तर फाइलवर डबल क्लिक केल्यावर प्रोग्रॅम रिकामाच उघडतो, कारण फाइलचे नाव त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ही ओळ शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) वाचत नाही, म्हणून होमसाठीचे लाटेचे चिन्ह किंवा डॉलरने सुरू होणारी नावे चालत नाहीत, पूर्ण पत्ता लिहावा. एन्व्हायर्नमेंटमधला बदल करायचा तर आज्ञेच्या आधी "एन्व्ह" आणि मग नाव-किंमत. उदाहरणार्थ "जीडीके_बॅकएंड=एक्स११" दिल्यास जीटीके या खिडक्या बनवण्याच्या संचावर बनलेला प्रोग्रॅम वेलँड सेशनमध्येही एक्स११ च्या सोयीने उघडतो. क्यूटी या तशाच दुसऱ्या संचाच्या प्रोग्रॅमसाठी "क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्म=एक्ससीबी". जुने जागा-मागणारे प्रोग्रॅम यामुळे काही वेळा सुधारतात.

ओळ बदलूनही काहीच फरक पडला नाही, तर फाइलमध्ये "डीबसअ‍ॅक्टिव्हेटेबल=ट्रू" आहे का पाहावे. ग्नोमच्या अनेक प्रोग्रॅममध्ये ते असते, आणि मग मेनू एक्झेक वाचतच नाही. आपल्या प्रतीत ते फॉल्स करावे. डॉकवर एकाच प्रोग्रॅमची दोन चिन्हे दिसत असतील तर "स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास=" मध्ये वर शोधलेला क्लास लिहावा. मेनूतून चिन्ह लपवायचे पण प्रोग्रॅम ठेवायचा, तर "नोडिस्प्ले=ट्रू". शेवटी डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट या आज्ञेपुढे फाइलचे नाव देऊन तपासून घ्यावे.

## लॉगिनबरोबर सुरू होणारे प्रोग्रॅम

केडीईच्या सिस्टम सेटिंग्जमध्ये ऑटोस्टार्ट, ग्नोममध्ये ट्वीक्समधले स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स, एक्सएफसीईमध्ये सेशन अँड स्टार्टअप. तिन्ही ठिकाणी शेवटी होते एकच: "डॉट कॉन्फिग/ऑटोस्टार्ट" मध्ये एक लाँचर फाइल तयार होते. सगळ्यांसाठीची एखादी नको असलेली गोष्ट "/ईटीसी/एक्सडीजी/ऑटोस्टार्ट" मधून येत असेल, तर तिची प्रत आपल्या फोल्डरमध्ये घेऊन "हिडन=ट्रू" लिहावे.

पॅनेल किंवा नेटवर्क तयार होण्याआधी प्रोग्रॅम उठला तर त्याचे ट्रेमधले (पॅनेलच्या कोपऱ्यातले) चिन्ह हरवते किंवा तो चुकीच्या मॉनिटरवर जातो. त्याला थोडा थांबवावा: एक्झेकमध्ये "एसएच -सी" आणि पुढे दुहेरी अवतरणांत "स्लीप ८; एक्झेक" व प्रोग्रॅमचे नाव. हे दुसरे एक्झेक लहान अक्षरांतले. ८ सेकंद बहुतेक यंत्रांवर पुरतात. ग्नोममध्ये मूळात ट्रेच नाही, तिथे ट्रेमध्ये लपून सुरू होणारा प्रोग्रॅम चालू असूनही दिसत नाही. अ‍ॅपइंडिकेटर एक्स्टेन्शन लावल्यावर दिसतो.

एकच प्रोग्रॅम दोनदा उघडत असेल तर ऑटोस्टार्ट आणि सेशन परत आणण्याची सोय दोन्ही चालू आहेत. यातली एकच ठेवावी. ऑटोस्टार्ट ठेवलेले बरे, कारण त्यात काय उघडणार हे तुम्ही ठरवलेले असते. एक्सएफसीईमध्ये जुने सेव्ह्ड सेशन्स पुसायलाही विसरू नये.

कोणती फाइल कशाने उघडते ते याहून सोपे. फाइल मॅनेजरमध्ये राइट क्लिक, ओपन विथ, आणि नेहमीसाठी निवडणे. ही निवड "डॉट कॉन्फिग/माइमॲप्स.लिस्ट" मध्ये नोंदली जाते.

## नियम बरोबर असूनही चालत नाही तेव्हा

फायरफॉक्ससारखे प्रोग्रॅम एकदाच चालतात. ते चालू असताना पुन्हा हाक मारली तर नवा प्रोग्रॅम सुरू होत नाही, आधीच्यालाच नवी विंडो उघडायला सांगितले जाते. म्हणून लाँचरमध्ये नुकतेच घातलेले पर्याय काहीच करत नाहीत असे वाटते. चाचणी घेण्याआधी प्रोग्रॅम पूर्ण बंद करावा, ट्रेमधूनही.

काही विंडो आपली ओळख उशिरा सांगतात. लिबरऑफिसचे स्टार्टसेंटर उघडताना एका क्लासचे असते, आणि त्यातून दस्तऐवज उघडला की तीच विंडो रायटरचा क्लास घेते. उघडताना एकदाच लागणारा नियम तोवर निसटून गेलेला असतो. यावर उपाय म्हणजे लाँचरमधून थेट रायटर उघडणे.

टाइप करताना विंडो पुढे घुसत असेल तर केडीईच्या विंडो बिहेविअरमध्ये फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शन एक पायरी वाढवावे. लो वरून मीडियम पुरते. एक्स्ट्रीम केले तर तुम्ही स्वतः मागवलेल्या विंडोही मागेच राहतात. एक्सएफसीईमध्ये हीच सोय ट्वीक्सच्या फोकस टॅबवर आहे. ग्नोममध्ये डीकॉन्फ एडिटरच्या ऑर्ग, ग्नोम, डेस्कटॉप, डब्ल्यूएम, प्रेफरन्सेस या वाटेवर फोकस-न्यू-विंडोज ही किल्ली "स्मार्ट" वरून "स्ट्रिक्ट" करता येते.

मॉनिटर काढल्यावर विंडो स्क्रीनबाहेर उघडत असेल तर टास्कबारवरून ती निवडून ग्नोम किंवा एक्सएफसीईमध्ये ऑल्ट आणि एफ७ दाबावे, मग बाणांच्या कळांनी आत आणावी आणि एंटर द्यावा. केडीईमध्ये ऑल्ट आणि एफ३, मोअर अ‍ॅक्शन्स, मूव्ह. केडीईच्या नियमात दुसऱ्या मॉनिटरचे आकडे लिहिले असतील तर ते बदलावेत, किंवा पोझिशनऐवजी स्क्रीन हा गुणधर्म वापरावा.

सगळेच बिघडले तर मागे येणे अवघड नाही. केडीईचे नियम "डॉट कॉन्फिग/क्विनरूल्सआरसी" या एका फाइलमध्ये असतात. तिचे नाव बदलून पुन्हा लॉगिन केले की नियमांशिवायचा डेस्कटॉप मिळतो. लाँचरची तुमची प्रत पुसली की मूळ फाइल आपोआप परत लागू होते.